गोदेकाठच्या वह्या आणि समुद्रात गेलेला मुलगा

शेतकऱ्याच्या घराण्याचा मागोवा घ्यावयाचा असेल तर जमिनीच्या कागदांपासून आरंभ करावा, असे जाणकार सांगतात, आणि ते योग्यच आहे. कारण घराणी विखुरतात, वाडे पडतात, माणसे मुंबईला गिरण्यांत आणि गोदीत जातात, पण सर्व्हे नंबर जागचा हलत नाही. नाशिक जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर निफाड, सिन्नर, चांदवड, दिंडोरी या तालुक्यांतील पुष्कळ घराण्यांना आपल्या जमिनीचा इतिहास विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत तालुक्याच्या दफ्तरातून काढता येतो, आणि चिकाटी असेल तर त्याहूनही मागे जाता येते. परंतु त्याच घराण्यातील एखादा मुलगा नांगर सोडून आरमारात भरती झाला आणि बोटीबरोबर समुद्रात गेला, एवढेच घरात पिढ्यान्‌पिढ्या ऐकिवात असेल, आणि त्याचे पूर्ण नाव, बोटीचे नाव व साल यांपैकी एकही गोष्ट निश्चित ठाऊक नसेल, तर या कागदांच्या आधाराने त्याच्यापर्यंत पोहोचणे जवळजवळ अशक्य असते. घराण्याचे कागद जमिनीवर राहिले आणि त्याचे कागद बोटीबरोबर गेले, अशी ही स्थिती आहे. या दोन प्रकारच्या कागदांची गाठ जेथे पडण्याचा संभव आहे असे ठिकाण नाशकातच आहे. ते म्हणजे गोदावरीच्या काठावरील तीर्थोपाध्यायांच्या वह्या.

हे विधान स्पष्ट होण्यासाठी प्रथम जमिनीचे दफ्तर काय सांगते आणि काय सांगत नाही, हे पाहणे अवश्य आहे. पेशवाईच्या काळातील जमाबंदीचे आणि वतनांचे कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांत बांधलेले आहेत; इंग्रजी अमलातील मोजणी आणि जमाबंदी नाशिककडील मुलखात १८४० च्या दशकात सुरू झाली; आणि कोणत्या जमिनीवर कोणाचा हक्क आहे याची गाववार नोंद ठेवण्याची आजची पद्धत १९०३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात आली. आज ज्याला आपण सातबारा म्हणतो तो उतारा, खातेदाराच्या सर्व जमिनी एकत्र दाखविणारा आठ-अ, आणि हक्कात झालेला प्रत्येक बदल ज्यात लिहिला जातो ती गाव नमुना सहाची फेरफार नोंदवही, या तिहींच्या साहाय्याने मनुष्य उलट पावली चालत आपल्या आजोबा-पणजोबांपर्यंत जातो. ‘अमका मयत झाला, त्यास वारस अमके’ अशा चार ओळींच्या फेरफारात एका पिढीचा शेवट आणि दुसरीचा आरंभ नोंदलेला असतो, आणि ज्याने असे जुने फेरफार एकामागून एक वाचले आहेत त्याला त्या रुक्ष मजकुरातूनही घरातील भाऊबंदकी, दुष्काळातील गहाणखते आणि विधवांची अवस्था दिसल्याखेरीज राहत नाही.

तथापि या दफ्तराला वारसाखेरीज कोणाशी कर्तव्य नाही. बाप जिवंत असता जो मुलगा अविवाहित किंवा निपुत्रिक मरण पावला, त्याचे नाव जमिनीच्या कागदांत बहुधा येतच नाही. एकत्र कुटुंबात जमीन कर्त्याच्या नावावर असे; उताऱ्यावर त्याच्या नावापुढे ‘ए. कु. मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, अशी अक्षरे घातलेली अजूनही दिसतात, आणि त्या अक्षरांच्या पाठीमागे सर्व धाकटे भाऊ व मुलगे झाकले गेले आहेत. आरमारात गेलेल्या मुलाची पत्नी मागे राहिली असेल तर काय होई, हेही काळावर अवलंबून आहे. १९३७ चा हिंदू स्त्रियांच्या मालमत्ताहक्काचा कायदा होण्यापूर्वी एकत्र कुटुंबातील विधवेला अन्नवस्त्रापलीकडे हक्क नव्हता, म्हणून पहिल्या महायुद्धात मृत्यू पावलेल्या खलाशाची विधवा फेरफारात शोधू गेल्यास निराशाच पदरी येईल; उलट १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर आजोबांच्या मृत्यूच्या फेरफारात ‘मयत मुलाची पत्नी’ आणि तिची मुले वारस म्हणून स्पष्टपणे लिहिलेली आढळतात, आणि कधी कधी त्या एकाच शब्दावरून असा कोणी मुलगा होता हे प्रथम कळते. गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदीही, ज्यांस लोक कोतवाल बुक म्हणतात, येथे उपयोगी पडत नाहीत. कारण मृत्यू गावात घडलेला नसतो. जन्माची नोंद मात्र तेथे सापडते, आणि प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरात मुलाचे नाव, बापाचे नाव, जन्मतारीख आणि शाळा सोडल्याचे कारण मिळते. ही जन्मतारीख आणि भरतीच्या वेळी सांगितलेली जन्मतारीख यांचा मेळ बसेलच असे नाही, म्हणून केवळ तारीख जुळत नाही एवढ्यावरून मनुष्य निराळा असे ठरवू नये.

आता वह्यांकडे वळतो. नाशकात यात्रेकरू आला की रामकुंडावर त्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो गावाचा आणि आडनावाचा. गावे आणि कुळे उपाध्यायांच्या घराण्यांत परंपरेने वाटलेली असून, ज्याच्याकडे आपले गाव आहे त्या उपाध्यायाकडे गेल्यावर तो लांबट, जाड कागदाची वही काढून त्या गावाचे पान उघडतो आणि यजमानाला त्याच्या पूर्वजांची नावे वाचून दाखवितो. या नोंदीत आलेल्या मनुष्याचे नाव, त्याचा बाप, आजा, पणजा, सख्खे व चुलत भाऊ, मुलगे, पुष्कळ ठिकाणी बायकांचीही नावे, येण्याची तिथी आणि येण्याचे कारण इतका मजकूर असतो, आणि शेवटी यजमानाची सही असते. सही न येणाऱ्याचा अंगठा असतो. फार जुन्या कागदांत शेतकऱ्याच्या नावापुढे ‘निशाणी नांगर’ असे लिहून नांगराची लहानशी आकृती काढण्याची चाल होती, आणि ती आकृती पाहिली की अक्षरशत्रू म्हणून ज्याची आपण उपेक्षा करतो त्या माणसाने आपल्या धंद्याच्या अभिमानाने कागदावर उमटविलेली ती खूण आहे हे ध्यानात येऊन मन आदराने भरून येते. जमिनीच्या दफ्तरात जो मुलगा कोठेच नव्हता तो येथे भावांच्या रांगेत उभा असतो. कारण उपाध्यायाला हक्काशी कर्तव्य नसून आप्तांशी असते, आणि निपुत्रिक मेलेल्या चुलत्यालाही पाणी द्यावयाचे असते.

या वह्या वाचणे सोपे नाही. जुना मजकूर मोडी लिपीत आहे. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढून मग अक्षरे खाली लोंबत लिहिली जात, शब्द तोडले जात नसत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नसे, आणि प्रत्येक लेखकाच्या हाताची लकब निराळी असे. कालगणनेचाही घोटाळा असतो. शालिवाहन शकात ७८ मिळविले की इसवी सन येतो, परंतु जानेवारीपासून चैत्राच्या आरंभापर्यंतच्या तिथीला ७९ मिळवावे लागतात. फसली साल मृगाच्या सुमारास बदलते, त्यात ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात. आणि पेशवाईच्या कागदांतील सुहूर सनात ५९९ किंवा ६००. हे गणित ज्याला येत नाही त्याचा शोध एका वर्षाने चुकतो, आणि आरमाराच्या बाबतीत एका वर्षाची चूक म्हणजे निराळी बोट आणि निराळा मृत्यू.

समुद्रात गेलेल्या मुलासाठी घरची मंडळी नाशकास का आली असतील, याचे उत्तर धर्मशास्त्रात आहे. रामकुंडाच्या अस्थिविलय तीर्थात अस्थी विसर्जन करण्यासाठी सबंध महाराष्ट्रातून लोक येतात, पण बुडालेल्याच्या अस्थी नसतात. ज्याचा देह सापडला नाही त्याच्यासाठी पळसाच्या ३६० देठांची मनुष्याकृती करून तिचे दहन करावे, असा विधी शास्त्रकारांनी सांगितला आहे. आणि अपमृत्यू आलेल्यांसाठी करावयाचा नारायण नागबली हा तीन दिवसांचा विधी करण्यासाठी तर लोक त्र्यंबकेश्वरी मुद्दाम येतात. त्यात पिठाची मूर्ती करून तिच्यावर अंत्यसंस्कार करतात. ज्या आईने पोराचे तोंड शेवटचे स्टेशनवर पाहिले आणि नंतर फक्त एक तार पाहिली, तिच्या दृष्टीने त्या पिठाच्या मूर्तीला केलेला संस्कार हाच एक प्रत्यक्ष निरोप होता, हे विसरून या विधीचा विचार करणे मला तरी हृदयशून्यपणाचे वाटते. शोधकाच्या दृष्टीने याचा उपयोग असा की, त्र्यंबकच्या उपाध्यायांच्याही वह्या आहेत, आणि तेथे अशा विधीची नोंद मिळाली तर मृत्यूचे वर्ष फार तर काही वर्षांच्या फरकाने हाती लागते. भाद्रपद वद्य चतुर्दशी ही शस्त्राने किंवा अपघाताने मेलेल्यांच्या श्राद्धाची तिथी असल्यामुळे, त्या तिथीला एखादे शेतकरी कुटुंब नाशकास आल्याची नोंद दिसली तर तिच्याकडे अधिक बारकाईने पाहावे.

वाट पाहण्याची मुदतही येथे लक्षात घ्यावी लागते. बेपत्ता मनुष्याची बारा वर्षे वाट पाहून मग त्याचे उत्तरकार्य करावे, असा जुना संकेत आहे. कायद्याने हीच मुदत सात वर्षांची धरली आहे, आणि साक्षीपुराव्याच्या कायद्यातील १०८ वे कलम जाऊन २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे १११ वे कलम आले तरी ती सातच वर्षे राहिली आहे. म्हणून वहीतील तिथी ही मृत्यूची तिथी नव्हे; ती घरच्या लोकांनी आशा सोडल्याची तिथी असू शकते.

नावांची अडचण याहून मोठी आहे. आरमाराच्या आणि जहाज कंपन्यांच्या इंग्रज कारकुनांनी हिंदी माणसाचे नाव लिहिताना पुष्कळदा आडनाव गाळून नाव आणि बापाचे नाव एवढेच लिहिले. ‘गणपत रामा’ या दोन शब्दांत कोणते घराणे दडले आहे हे गावाचे नाव असल्याखेरीज कळण्यास मार्ग नाही, आणि गावाचे नाव इंग्रजी उच्चारात इतके बदललेले असते की, ते नकाशावर सापडत नाही. ही अडचण आपल्याच वाट्याला आली आहे असे मात्र नव्हे. ब्रिटनच्या पश्चिमेकडील वेल्स या डोंगराळ प्रांतात कित्येक शतके आडनाव नव्हतेच. मुलगा बापाच्या नावावरून ओळखला जाई, आणि पुढे इंग्रजी वळण लागल्यावर बापाची तीच मोजकी नावे जोन्स, डेव्हिस, इव्हान्स, विल्यम्स अशी आडनावे होऊन बसली. त्यामुळे एकाच खोऱ्यात एकाच नावाचे दहा शेतकरी असत आणि त्यांना त्यांच्या शेताच्या नावाने ओळखावे लागे. १८३६ च्या कायद्यानंतर चर्चच्या दशांश कराच्या आकारणीसाठी तेथे गावोगावचे नकाशे तयार झाले. त्यांत प्रत्येक तुकड्याचा मालक, वहिवाटदार आणि शेताचे नाव लिहिलेले असून, ते आज ॲबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. आरमारात मेलेला वेल्श शेतकऱ्याचा मुलगा शोधणारा वंशज या नकाशावरून शेत, चर्चच्या नोंदीवरून बाप्तिस्मा, दर दहा वर्षांच्या खानेसुमारीवरून कुटुंब आणि प्लिमथ, पोर्टस्मथ किंवा चॅटम येथील आरमारी स्मारकावरून मुलाचे नाव असा क्रम लावतो. आपल्या खानेसुमारीत घरवार नावे जपून ठेवली जात नाहीत आणि चर्चची नोंदवही आपल्याकडे नाही. ती दोन्ही कामे नाशिक-त्र्यंबकच्या वह्यांनी आपापल्या परीने केली आहेत. या तुलनेनंतर आपल्याकडे साधनेच नाहीत, ही नेहमीची तक्रार मला मान्य होत नाही.

आता समुद्राकडील कागद. पहिल्या महायुद्धाच्या काळात सरकारी आरमार रॉयल इंडियन मरीन या नावाने चाले, आणि व्यापारी बोटींवर सारंग, टंडेल, खलाशी आणि आगवाले म्हणून हजारो हिंदी लोक काम करीत; महाराष्ट्रातून जाणाऱ्यांत रत्नागिरी जिल्ह्यातील लोकांचाच भरणा अधिक असे. घाटावरच्या मुलाला पलटण परिचित होती, त्यातून नाशिकला देवळालीची छावणी जवळ होती. समुद्र मात्र परका. तरीही मुंबईला पोटासाठी गेलेला मुलगा गोदीतून बोटीवर चढणे अगदीच अशक्य नव्हते, म्हणून नाशिककडील घराण्याने हे दफ्तर वगळू नये. युद्ध मुंबईच्या दारापर्यंत आले होते. जर्मनांच्या वुल्फ या बोटीने पेरलेल्या सुरुंगावर आदळून १९१७ च्या जूनमध्ये मंगोलिया ही टपालाची बोट मुंबईनजीकच बुडाली. समुद्राखेरीज ज्यांना कबर नाही अशा पहिल्या महायुद्धातील दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक मुंबईत मशीद बंदर भागातील इंडियन सेलर्स होममध्ये आहे. त्याच ठिकाणी दुसऱ्या महायुद्धातील मृतांच्या नावांचे पुस्तकही आहे, आणि त्याची दुसरी प्रत बांगलादेशातील चितगाव येथे ठेविलेली आहे. त्यात अविभक्त हिंदुस्थानच्या आरमारातील सुमारे चारशे आणि व्यापारी नौदलातील जवळजवळ सहा हजार माणसांची नावे आहेत. हे काम कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्‌ज कमिशन ही १९१७ साली स्थापन झालेली संस्था पाहते, आणि तिच्या याद्या कोणालाही पाहता येतात. दुसऱ्या महायुद्धासाठी तिने ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ ही मुदत धरली आहे, हे शोधताना ध्यानात ठेवावे.

१९३४ मध्ये मरीनचे रॉयल इंडियन नेव्ही झाले, आणि दुसऱ्या महायुद्धात त्याची भरती इतक्या झपाट्याने वाढली की, युद्धापूर्वी दोन हजारांच्या आत असलेले मनुष्यबळ युद्ध संपताना पंचवीस हजारांच्या पलीकडे गेले. कोकणाबाहेरची मुले, त्यांत शेतकऱ्यांची मुलेही, मोठ्या संख्येने आरमारात येऊ लागली ती याच काळात. १९४० च्या जूनमध्ये पठाण ही आरमारी नौका मुंबईनजीक बुडाली. १९४२ च्या २३ नोव्हेंबरला मुंबईहून मोंबासाकडे निघालेली तिलावा ही उतारूंची बोट जपानी पाणबुडीने बुडविली, आणि तीत २८० माणसे गेली. नाव, बोट आणि साल यांपैकी बोटीचे नाव जरी घरच्या आठवणीत उरले असेल, तरी अशा रीतीने तारीख मिळते आणि तारीख मिळाली की यादी मिळते.

स्वातंत्र्यानंतरच्या काळात शोध सोपा होतो, आणि दुर्दैवाने त्या काळातील सर्वांत मोठा आघात आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच झाला. १९७१ च्या डिसेंबरात युद्ध सुरू झाले तेव्हा चौदाव्या फ्रिगेट स्क्वाड्रनमधील खुकरी आणि कृपाण या नौका मुंबईहून पाणबुडीच्या शोधार्थ गुजरातच्या किनाऱ्याकडे गेल्या. ९ डिसेंबरच्या रात्री नऊच्या सुमारास, दीवपासून सुमारे चाळीस सागरी मैलांवर, पाकिस्तानच्या हंगोर या पाणबुडीने सोडलेला टॉर्पेडो खुकरीवर लागला आणि ती काही मिनिटांतच बुडाली. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपल्या माणसांना बोट सोडण्याची आज्ञा केली आणि स्वतः नौकेबरोबर जलसमाधी घेतली. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र देण्यात आले. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक, म्हणजे एकूण १९४ माणसे, त्या रात्री गेली. जे पाण्यात तग धरून राहिले त्यांना दुसऱ्या दिवशी काचाल या नौकेने वाचविले. तो शके १८९३ चा मार्गशीर्ष वद्य पक्ष होता. त्या पक्षातील श्राद्धासाठी पुढील वर्षांत नाशकास आलेल्या कुटुंबाची नोंद वहीत आढळली, आणि घरात युद्धात गेलेल्या मुलाची आठवण असली, तर प्रथम खुकरीच्या यादीकडे पाहावे. दीवला समुद्राकाठच्या टेकाडावर खुकरीचे स्मारक १९९९ साली उभारले गेले; आणि दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात, जे २०१९ च्या फेब्रुवारीत खुले झाले, स्वातंत्र्योत्तर काळातील सर्व हुतात्म्यांबरोबर नौसैनिकांचीही नावे ग्रॅनाइटवर कोरलेली आहेत.

नौसैनिकाचे सेवापत्रक, भरतीची तारीख, त्याने नेमून दिलेला निकटचा नातेवाईक आणि निवृत्तिवेतनाचे कागद यांसाठी मुंबईत मानखुर्दला असलेल्या कमोडोर ब्युरो ऑफ सेलर्स या कचेरीकडे अर्ज करावा लागतो. सेवाक्रमांक असल्यास उत्तम; नसल्यास नाव, बापाचे नाव, गाव, तालुका आणि भरतीचे अंदाजे साल द्यावे. नाशिकच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही विधवांच्या आणि अवलंबितांच्या नोंदी असतात, आणि अर्ज कसा करावा याचे मार्गदर्शन तेथे मिळते. नात्याचा पुरावा मागितला गेल्यास फेरफाराची प्रमाणित नक्कल, शाळेच्या रजिस्टरातील उतारा आणि जन्मनोंद हे तीन दाखले एकत्र जोडावेत. कारण एकट्या वहीच्या नोंदीला सरकारी कचेरीत तितके वजन मिळेलच असे नाही, मात्र ते तीन दाखले कोणाच्या नावाने मागावयाचे हे बहुधा वहीतूनच कळते.

या वह्यांची आजची अवस्था मात्र चिंता वाटावी अशी आहे. उपाध्यायांच्या घरांत वाटण्या होतात तशा वह्यांच्याही होतात, आणि एका गावाच्या जुन्या व नव्या वह्या दोन घरांत जातात. कागद ठिसूळ होतो, गोदेच्या पुराचे भय तर कायमचे आहे. आणि मोडी अस्खलित वाचणारे दिवसेंदिवस कमी होत आहेत. अमेरिकेतील यूटा प्रांताच्या वंशावळी संस्थेने हरिद्वारसह काही तीर्थक्षेत्रांच्या वह्यांची छायाचित्रे घेऊन त्या सुरक्षित केल्या आहेत. हेच काम नाशिक-त्र्यंबकच्या बाबतीत येथील विद्यापीठांनी आणि उपाध्यायमंडळींनी मिळून, वह्यांचा हक्क उपाध्यायांकडेच ठेवून, करावे असे मला मनापासून वाटते. ज्यांचा शोध पूर्ण झाला आहे त्यांच्या हाती तोवर एक गोष्ट आहे. पुन्हा नाशकास आल्यावर आपल्या गावाचे पान काढवून त्या मुलाच्या नावाखाली बोटीचे नाव, सेवाक्रमांक, मृत्यूची तिथी आणि इंग्रजी तारीख अशा चार बाबी बाळबोध अक्षरांत लिहवून घ्याव्यात व खाली सही करावी. म्हणजे घराण्याच्या दुसऱ्या शाखेतील कोणी मनुष्य पुढे त्या पानापाशी आला तर त्याला मानखुर्दचा अर्ज तेथूनच भरता येईल.